जीमॅट देताय? आधी जुना सल्ला तपासून घ्या

ओळखीतल्या कुणीतरी काही वर्षांपूर्वी जीमॅट, म्हणजे एमबीएसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीची परीक्षा, दिलेली असते. आपण तयारीला लागलोय हे कळलं की तो जाडजूड पुस्तकांचा गठ्ठा आणून देतो आणि वर सांगतो, "सेंटेन्स करेक्शन रोज कर, निबंधाचा साचा पाठ कर, आणि एकदा उत्तर दाबलं की मागे जाता येत नाही हे लक्षात ठेव." माणूस मनापासून सांगत असतो. पण सेंटेन्स करेक्शन, म्हणजे वाक्यातली चूक सुधारण्याचे प्रश्न, आता परीक्षेत नाही, निबंध नाही, आणि मागे जाता येतं. तिन्ही गोष्टी चुकल्या.

जीमॅटच्या नव्या उमेदवारांचा सगळ्यात जास्त वेळ अवघड गणितात जात नाही, तो अशा शिळ्या माहितीत जातो. म्हणून हा लेख "काय शिकायचं" यापेक्षा "परीक्षा आता घेतली कशी जाते" यावर आहे. नियम एकदा नीट कळले की अभ्यासाचा निम्मा आराखडा आपोआप ठरतो.

आधी थोडा इतिहास, कारण तो कामाचा आहे

ही परीक्षा १९५४ पासून आहे. जीमॅट हे नाव मात्र १९७६ मध्ये आलं. अनेक वर्षं ती कागद-पेन्सिलवर होत असे. १९९७ मध्ये ती संगणकावर गेली आणि 'अ‍ॅडॅप्टिव्ह' झाली, म्हणजे तुमच्या आधीच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न किती अवघड द्यायचा हे संगणक ठरवू लागला. मागे जाता न येण्याची प्रसिद्ध अट त्या काळातली. २००६ पासून केंद्रांचं काम पिअर्सन व्ह्यू या कंपनीकडे आलं. २०१२ मध्ये एक निबंध कमी होऊन त्याजागी इंटिग्रेटेड रीझनिंग (तक्ते-आलेखांवरून विचार करण्याचा भाग) आलं. २०१७ मध्ये सेक्शनचा क्रम निवडायची मुभा मिळाली, २०१८ मध्ये परीक्षा अर्ध्या तासाने छोटी झाली, आणि एप्रिल २०२० मध्ये महासाथीमुळे केंद्रं बंद पडल्यावर घरबसल्या देण्याची सोय आली.

खरा मोठा बदल त्यानंतरचा. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी 'फोकस एडिशन' सुरू झाली. जुनी आवृत्ती ३१ जानेवारी २०२४ ला कायमची बंद झाली आणि काही महिन्यांतच 'फोकस' हा शब्दही गळून पडला. आज नुसतं 'जीमॅट' म्हटलं की ती ही नवी परीक्षा. नावातला हा गोंधळ लक्षात घ्या. पुस्तकावर फक्त 'जीमॅट' छापलेलं असेल तर ते नव्या परीक्षेचं असू शकतं, तसंच दहा वर्षं जुन्या परीक्षेचंही असू शकतं.

पायरी पहिली: हातातलं साहित्य चाळून घ्या

आजची परीक्षा अशी आहे. तीन सेक्शन आणि प्रत्येकाला ४५ मिनिटं. क्वांटमध्ये (गणित) २१ प्रश्न, व्हर्बलमध्ये (वाचन आणि तर्क) २३, डेटा इनसाइट्समध्ये (तक्ते-आलेखांतली माहिती) २०. एकूण ६४ प्रश्न, सव्वादोन तास, आणि मधे हवी असल्यास दहा मिनिटांची एक सुट्टी. त्याआधीच्या आवृत्तीत नुसता परीक्षेचा वेळच तीन तासांच्या वर जायचा.

या आकड्यांवरून कोणतंही साहित्य पाच मिनिटांत पारखता येतं. पुस्तकात क्वांटचे ३१ किंवा ३७ प्रश्न लिहिलेत? जुनं. निबंधाचं प्रकरण आहे? जुनं. भूमितीची प्रमेयं आणि वर्तुळांचे कोन भरपूर आहेत? जुनं, कारण नव्या क्वांटमध्ये फक्त अंकगणित आणि बीजगणित आहे. डेटा सफिशिएन्सी (दिलेली माहिती उत्तराला पुरेशी आहे का, हे सांगायचं) हा प्रकार क्वांटच्या प्रकरणात दिसला तरी पुस्तक जुनंच समजा, कारण तो आता डेटा इनसाइट्समध्ये गेला आहे.

याचा अर्थ जुनी पुस्तकं रद्दीत घालायची असा नाही. क्रिटिकल रीझनिंग (छोटा युक्तिवाद तपासणं) आणि रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचे (उतारा वाचून उत्तरं देणं) जुने अधिकृत प्रश्न आजही सरावाला उत्तम आहेत. डेटा सफिशिएन्सीचेही चालतात, मात्र त्यातले भूमितीचे वगळायचे आणि उरलेले वाचतानाही थोडं सावध राहायचं, कारण आताच्या प्रश्नांत बीजगणिती कसरतीपेक्षा व्यवहारातल्या माहितीवर भर जास्त असतो. पूर्ण लांबीच्या जुन्या मॉक टेस्ट मात्र अजिबात सोडवू नका. त्यांचा वेळ वेगळा, गुणांची पट्टी वेगळी, आणि मागे जाण्याची सोय नाही. अशा मॉकवर अंगात भिनलेली लय परीक्षेत उलटी पडते. अधिकृत संकेतस्थळ एमबीए डॉट कॉमवर खातं उघडलं की दोन पूर्ण सराव परीक्षा मोफत मिळतात. त्या खऱ्या परीक्षेच्याच पद्धतीने चालतात. यातली एक अगदी सुरुवातीला, काहीही न वाचता देऊन टाका. गुण कितीही येवोत. दुसरी मात्र जपून ठेवा.

डेटा इनसाइट्सबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. पूर्वी इंटिग्रेटेड रीझनिंगचा गुण वेगळा असायचा आणि एकूण स्कोअरमध्ये धरला जात नसे. त्यामुळे लोक तो भाग शेवटच्या आठवड्यात उरकायचे. आता तिन्ही सेक्शनचं वजन एकूण गुणांत सारखं आहे. "डेटावालं नंतर बघू" हा सल्ला कुणी दिला, तर त्याने परीक्षा कधी दिली ते विचारा.

पायरी दुसरी: केंद्र की घर, हे आधी ठरवा

परीक्षा तीच, प्रश्नांची पद्धत तीच, गुणपत्रिका तीच. तरी दोन्हीचा अनुभव बराच वेगळा आहे, आणि हा निर्णय नोंदणी करताना घाईत घेऊ नये.

केंद्रावर तुम्हाला फक्त परीक्षा द्यायची असते. यंत्र त्यांचं, नेट त्यांचं, वीज गेली तर डोकेदुखी त्यांची. त्या बदल्यात तारीख-वेळ त्यांच्या सोयीची आणि प्रवास तुमचा. घरून दिली तर स्लॉट भरपूर मिळतात, पण परीक्षा केंद्र चालवण्याची जबाबदारी तुमच्या अंगावर येते. खोलीत दुसरं कुणी नको, टेबल रिकामं हवं, एकच मॉनिटर, वेबकॅम आणि मायक्रोफोन चालू, कानात काही नको. प्रश्न तोंडाने पुटपुटत वाचायची सवय असेल तर ती सोडावी लागते, कारण कॅमेऱ्यापलीकडे बसलेला प्रॉक्टर (पर्यवेक्षक) त्यावर हरकत घेतो. परीक्षा चालू असताना कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जाता येत नाही. दाराशी कुणी आलं आणि तुम्ही उठलात, तर परीक्षा तिथेच रद्द होऊ शकते.

कच्च्या कामाची सोयही वेगळी आहे. केंद्रावर लॅमिनेटेड पानांची एक वही आणि मार्कर मिळतो. वही भरली की हात वर करून दुसरी मागायची. घरी मात्र कागद-पेन चालत नाही. एक छोटा व्हाइटबोर्ड (१२ बाय २० इंचांपेक्षा मोठा नको), जास्तीत जास्त दोन मार्कर आणि एक डस्टर एवढीच मुभा आहे. शिवाय स्क्रीनवरचा डिजिटल बोर्ड असतो, पण माउसने समीकरण लिहून पाहिलंत की त्याच्यावर विसंबणं किती अवघड आहे ते लगेच कळेल. व्हाइटबोर्ड भरला की पुसावा लागतो, आणि पुसलं की आधीचं काम गेलं. केंद्रावरच्या वहीत पान उलटलं की मागचं काम समोर असतं. उत्तरं पुन्हा तपासण्याची सोय आल्यापासून हा फरक मोठा झाला आहे. पुढे त्याबद्दल येईलच.

माझं मत विचाराल तर, जवळ केंद्र असेल आणि तारीख मिळत असेल तर केंद्रच घ्या. घरून द्यायची ती नाइलाज असेल तरच, किंवा अनोळखी जागी तुमचं चित्त खरोखरच ठरत नसेल तर. घराचा पर्याय घेतलात तर ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका. कंपनीची फायरवॉल परीक्षेच्या सॉफ्टवेअरला अडवते आणि ते ऐनवेळी लक्षात येतं. सॉफ्टवेअरची चाचणी ज्या यंत्रावर, ज्या नेटवर आणि ज्या खोलीत परीक्षा द्यायची, तिथेच, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी घ्या. काही देशांत घरून परीक्षा देण्यावर निर्बंध आहेत, त्यामुळे आपल्या खात्यात तो पर्याय दिसतोय का हे आधी बघा.

पायरी तिसरी: नोंदणी

इथे फार काही नाही, पण एक चूक महागात पडते. नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असेल आणि खात्यात नसेल, लग्नानंतर आडनाव बदललं असेल आणि पासपोर्ट जुना असेल, तर परीक्षेच्या दिवशी दारातून परत पाठवलं जाऊ शकतं, आणि भरलेली फी परत मिळत नाही. म्हणून खातं उघडताना पासपोर्ट शेजारी उघडा ठेवा आणि बघून टाइप करा. पासपोर्टची मुदत परीक्षेच्या दिवसापर्यंत आहे ना, तेही त्याच वेळी पाहा.

तारीख बदलता येते, पण परीक्षा जितकी जवळ तितकं शुल्क जास्त. साठ दिवसांहून जास्त अवकाश असेल तर सगळ्यात कमी, शेवटच्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त, आणि शेवटचे २४ तास उरले की बदल बंद. अपंगत्व किंवा आजारपणामुळे जादा वेळ वा वेगळी सोय हवी असेल तर ती मंजुरी आधी घ्यायची आणि मगच तारीख ठरवायची. उलट्या क्रमाने केलंत तर तारीख वाया जाते.

तारीख निवडताना मागून मोजा. ज्या कॉलेजला अर्ज करायचा त्याची अंतिम तारीख धरा. परीक्षा पुन्हा द्यायची झाली तर मधे किमान १६ दिवस जावे लागतात. शिवाय अधिकृत गुण हाती यायला काही दिवस लागतात. म्हणजे पहिली परीक्षा अंतिम तारखेच्या निदान सहा आठवडे आधी हवी. दुसऱ्यांदा द्यायची वेळ कदाचित येणारही नाही. पण ती सोय आहे हे माहीत असलं की पहिल्या वेळी हात कमी थरथरतात.

पायरी चौथी: सेक्शनचा क्रम

तीन सेक्शन कोणत्याही क्रमाने देता येतात, म्हणजे सहा पर्याय. परीक्षा सुरू होताना स्क्रीनवर क्रम विचारला जातो आणि निवडायला थोडाच वेळ असतो. तिथे विचार करत बसायचं नसतं, घरून ठरवून जायचं असतं.

"आवडता सेक्शन आधी" हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो वाईट नाही, पण आवडीपेक्षा थकवा बघावा असं मला वाटतं. दोन-तीन मॉक वेगवेगळ्या क्रमाने द्या आणि प्रत्येक सेक्शन शेवटी टाकल्यावर त्याचे गुण किती घसरतात ते लिहून ठेवा. काहींचं वाचन दमल्यावर साफ कोलमडतं, एकच वाक्य तीनदा वाचावं लागतं. अशांनी व्हर्बल आधी घ्यावं. काहींना डेटा इनसाइट्समध्ये तक्ते, आलेख आणि टॅब बघूनच धाप लागते. त्यांनी तो मधे घ्यावा आणि त्याच्या आधी किंवा लगेच नंतर सुट्टी. जो सेक्शन थकव्यातही टिकतो, तो शेवटी. एकदा क्रम ठरला की पुढच्या सगळ्या मॉक त्याच क्रमाने.

पायरी पाचवी: मागे जाण्याची सोय, आणि तिचा सापळा

या सगळ्या बदलांत उमेदवाराच्या वागण्यावर सर्वाधिक परिणाम करणारा बदल हाच. म्हणून जरा सावकाश बघू.

प्रश्न समोर आला की उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे पूर्वीसारखंच. नवीन एवढंच की प्रश्नाला बुकमार्क लावता येतो, हवे तितके. सेक्शनमधल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देऊन झाली आणि वेळ शिल्लक असेल, तर सर्व प्रश्नांची यादी समोर येते. त्यातला कोणताही प्रश्न उघडून पाहता येतो. पण उत्तर बदलता येतं ते फक्त तीन प्रश्नांचं. प्रत्येक सेक्शनमध्ये तीन.

आता यातल्या अटी पुन्हा वाचा. सगळे प्रश्न संपले तरच, वेळ उरला तरच, आणि तीनच. विसाव्या प्रश्नावर घड्याळ संपलं तर यादी दिसतच नाही, आणि न सोडवलेल्या प्रश्नांचा दंड वेगळा बसतो. ही सोय म्हणजे शिल्लक वेळेवरचं व्याज आहे. मुद्दलच नसेल तर व्याज कुठून येणार?

नवखे उमेदवार इथे दोन प्रकारे फसतात. पहिला प्रकार, अवघड प्रश्न दिसला की काहीतरी दाबून बुकमार्क लावायचा आणि "शेवटी बघू" म्हणायचं. असे आठ प्रश्न साठतात, शेवटी चार मिनिटं उरतात आणि बदलता येतात तीन. त्यातून कोणते तीन हे ठरवण्यातच एक मिनिट जातं. शिवाय परीक्षा अ‍ॅडॅप्टिव्ह आहे. अंदाजाने दिलेलं चुकीचं उत्तर त्या क्षणी चुकीचंच धरलं जातं आणि पुढचे प्रश्न त्यावर ठरतात. शेवटी उत्तर दुरुस्त केलं तर त्याचा फायदा गुणांत मिळतो, पण मधे येऊन गेलेले प्रश्न बदलत नाहीत. दुसरा प्रकार याच्या उलट. सगळं नीट सोडवून पाच मिनिटं उरतात आणि मग बरोबर असलेली उत्तरं शंकेपोटी बदलली जातात. हे जास्त दुःखद.

मी सुचवतो ती पद्धत अशी. बुकमार्क लावायचा तो फक्त "दोन पर्यायांपर्यंत आलो, अजून एक मिनिट मिळालं तर नक्की सांगता येईल" अशा प्रश्नाला. जो प्रश्न मुळातच कळला नाही त्याला बुकमार्क नाही. तो शेवटीही कळणार नाही. बुकमार्क लावताना वहीत एक ओळ लिहा: प्रश्न क्रमांक, आणि उरलेले पर्याय. पर्यायांना मनातल्या मनात वरून खाली एक ते पाच क्रमांक द्या. '१४: २ की ४, चिन्ह तपास' एवढं पुरे. ही ओळ नसेल तर वीस मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागतो आणि सगळा फायदा तिथेच संपतो. घरून परीक्षा देणाऱ्यांनी व्हाइटबोर्डचा एक कोपरा रेघ मारून याच कामासाठी राखून ठेवावा आणि पुसताना तेवढा सोडावा.

उत्तर बदलायचं ते कारण सापडलं तरच. बेरीज चुकलेली दिसली, 'वगळता' हा शब्द नजरेतून सुटला होता, एकक बदललं होतं, ही कारणं झाली. "आता हा पर्याय बरा वाटतोय" हे कारण नाही.

सेक्शनगणिक हिशोब थोडा बदलतो. क्वांटमध्ये ही सोय सगळ्यात उपयोगी, कारण आकडेमोडीची चूक दिसली की दिसलीच. या सेक्शनला कॅल्क्युलेटर नसतो, हेही त्यामागचं कारण. व्हर्बलमध्ये क्रिटिकल रीझनिंगचा प्रश्न पुन्हा बघणं परवडतं. परिच्छेद चार ओळींचा असतो. रीडिंग कॉम्प्रिहेन्शनला मात्र सगळा उतारा पुन्हा डोळ्यांखालून घालावा लागतो, तिथे एक दुरुस्ती दोन मिनिटं खाते. डेटा इनसाइट्समध्ये एका प्रश्नाचे दोन-तीन भाग असू शकतात आणि सगळे बरोबर आले तरच गुण मिळतो. अर्धं बरोबर म्हणजे शून्य. म्हणून बहुभागी प्रश्नात एकाच भागाबद्दल शंका असेल तरच त्याला बुकमार्क लावावा. दोन भागांत गोंधळ असेल तर सोडून द्या. स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर फक्त याच सेक्शनमध्ये मिळतो. तो मॉकमध्ये वापरून बघा, कारण हातातल्या यंत्रापेक्षा तो संथ वाटतो. पुष्कळदा तोंडी अंदाज त्याच्याआधी पोहोचतो.

वेळ कसा वाचवायचा? क्वांटचं गणित सोपं आहे. २१ प्रश्नांना सरासरी दोन मिनिटं धरली तर ४२ मिनिटं होतात आणि तपासायला तीन उरतात. म्हणजे दर १४ मिनिटांनी सात प्रश्न झाले पाहिजेत. घड्याळात ३१ मिनिटं उरली तेव्हा सात, १७ उरली तेव्हा चौदा. प्रत्येक प्रश्नावर घड्याळ बघू नका, फक्त या दोन थांब्यांवर बघा. व्हर्बलला २३ प्रश्न असल्याने प्रत्येकी दोन मिनिटंही पूर्ण मिळत नाहीत. तिथे तपासायला वेळ उरला तर उत्तम, पण तो उरवण्यासाठी उतारे घाईत वाचू नका. तो सौदा तोट्याचा आहे. डेटा इनसाइट्समध्ये समान वाटणी करूच नका. डेटा सफिशिएन्सीचा प्रश्न दीड मिनिटात होतो, अनेक टॅबांचा प्रश्नसंच पहिल्या प्रश्नालाच चार मिनिटं मागतो आणि मग पुढचे पटापट होतात.

पायरी सहावी: परीक्षेचा दिवस

केंद्रावर अर्धा तास आधी पोहोचा. पंधरा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. तिथे पासपोर्ट तपासतात, फोटो आणि सही घेतात, आणि तळहात एका छोट्या यंत्रावर धरायला सांगतात. ते तळहातातल्या शिरांची ठेवण नोंदवतं, आणि एकाच्या जागी दुसऱ्याने परीक्षा देऊ नये म्हणून ही पद्धत २००८ पासून वापरात आली. आत-बाहेर करताना पुन्हा तपासणी होते. घड्याळ, फोन, पाकीट सगळं लॉकरमध्ये. सुट्टीतही फोनला हात लावायचा नाही. सवयीने तो लॉकरमधून काढून 'फक्त वेळ बघितली' तरी नियमभंग होऊ शकतो.

घरी असाल तर चेक-इन अर्धा तास आधी उघडतं. लगेच सुरू करा. ओळखपत्राचा, स्वतःचा आणि खोलीच्या चारही बाजूंचा फोटो द्यावा लागतो. भिंतीवर सूत्रांचा तक्ता लावला असेल तर आदल्या रात्री काढा. फोटो फोनने काढायचे असतील तर नंतर तो हाताच्या अंतरात ठेवू नका. प्रॉक्टरला व्हाइटबोर्डच्या दोन्ही बाजू कोऱ्या दाखवाव्या लागतात.

सुट्टी दहा मिनिटांची, एकदाच, पहिल्या किंवा दुसऱ्या सेक्शननंतर. घेतलीच पाहिजे असं नाही, पण मी म्हणेन घ्या. सव्वादोन तास कमी वाटतात, पण ते सलग सव्वादोन तास असतात. केंद्रावर बाहेर पडून परत आत यायच्या तपासणीत दोन-तीन मिनिटं जातात, म्हणून सुट्टी सातच मिनिटांची आहे असं समजा. उशिरा परतलात तर पुढच्या सेक्शनचं घड्याळ तुमच्याशिवाय चालू झालेलं असतं.

पायरी सातवी: स्कोअर आला, आता?

परीक्षा संपताच अनधिकृत गुण स्क्रीनवर दिसतात. जुन्या आवृत्तीत केंद्रावर याच क्षणी दोन मिनिटांत 'स्वीकारा की रद्द करा' हे ठरवावं लागायचं, आणि कोणत्या पाच ठिकाणी मोफत गुण पाठवायचे हे तर परीक्षेच्या आधीच सांगावं लागायचं, म्हणजे गुण कळण्यापूर्वी. आता हे दोन्ही गेलं. अधिकृत गुण साधारण तीन ते पाच कामकाजाच्या दिवसांत खात्यात येतात आणि त्यानंतर ४८ तासांच्या आत पाच अभ्यासक्रम मोफत निवडता येतात. तुम्ही पाठवल्याशिवाय तो स्कोअर कोणत्याही कॉलेजला दिसत नाही, आणि पाठवलेल्या अहवालात त्याच एका प्रयत्नाचे गुण असतात. ४८ तासांची ही मुदत बरेच जण विसरतात आणि मग प्रत्येक अहवालाचे पैसे मोजतात. फोनवर गजर लावून ठेवा. पाच नावांची यादी मात्र परीक्षेच्या आधीच तयार असू द्या.

एकूण गुण २०५ ते ८०५ मध्ये असतात आणि नेहमी शेवटी ५ येतो. सेक्शनचे गुण ६० ते ९०. जुन्या पट्टीवर एकूण गुण २०० ते ८०० असून शेवटी शून्य यायचा. आकडा पाहताच कोणत्या परीक्षेचा हे कळावं म्हणून हा फरक मुद्दाम ठेवला आहे. दोन्ही पट्ट्या एकाच फूटपट्टीच्या नाहीत. पूर्वीचा ७०० हा मानाचा आकडा आता साधारण ६४५ च्या आसपास येतो. तुम्हाला ६५५ मिळाले आणि जुना उमेदवार "सातशे नाही झाले?" म्हणून हळहळला, तर वाईट वाटून घेऊ नका. तो वेगळ्या परीक्षेबद्दल बोलतोय. तुलना करायचीच तर पर्सेंटाइलची करा, आणि कॉलेजच्या संकेतस्थळावरची सरासरी बघताना ती नव्या पट्टीवरची आहे की जुन्या, ते शेवटच्या अंकावरून अंदाजा. अर्थात सरासरी असल्याने शेवटचा अंक काहीही असू शकतो. अशा वेळी वर्ष बघा. गुण पाच वर्षं ग्राह्य धरले जातात, त्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये जुनी परीक्षा दिलेले अर्जदार २०२९ च्या जानेवारीपर्यंत तुमच्यासोबत त्याच रांगेत असतील.

अधिकृत अहवालात कोणत्या प्रकारच्या प्रश्नांत किती चुकलं आणि कुठे किती वेळ गेला याचा तपशीलही असतो. यासाठी पूर्वी वेगळे पैसे भरावे लागत. पुन्हा द्यायचं ठरवलंत तर एकूण आकड्यावर विचार करत न बसता हा तपशील उघडा आणि आधी वेळेचा रकाना बघा. शेवटच्या पाच प्रश्नांना मिनिटाच्या आत उत्तरं दिलेली दिसली, तर तुमचं गणित कच्चं नाही, थांबे चुकले आहेत. ते १६ दिवसांत सुधारता येतं. संकल्पनाच कच्च्या दिसल्या तर १६ दिवस पुरणार नाहीत, दोन महिन्यांनंतरची तारीख घ्या. बारा महिन्यांच्या कोणत्याही कालावधीत जास्तीत जास्त पाच प्रयत्न करता येतात, घरचे आणि केंद्रावरचे मिळून. जपून ठेवलेली ती दुसरी मोफत मॉक आता काढा, आणि पुढच्या परीक्षेच्या आठवडाभर आधी, ठरलेल्या क्रमाने, सुट्टीसकट द्या.